वर्गांतील वेगळें मूल



कोणत्याही शाळेंतील एखाद्या वर्गाविषयीं तेथील शिक्षकांना विचारलें, तर ते आपल्या विद्यार्थ्यांचें वर्णन चार-दोन ठराविक विशेषणांनीं करतात. हा हुशार, तो मध्यम, हा अगदींच 'ढ', तो व्रात्य, आणि ती कोपऱ्यांतली मुलगी घुमी. हीं विशेषणें शिक्षक दुष्टपणानें योजतात असें मुळींच नाहीं. चाळीस-पन्नास मुलांचा संसार ज्याला रोज सांभाळावा लागतो, त्याला अशा खुणांची सोय वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु 'ढ', 'व्रात्य' आणि 'घुमी' हे शिक्के ज्यांच्यावर बसतात, त्यांपैकीं कांहीं मुलें आळशीही नसतात आणि उद्धटही नसतात. त्यांच्या मेंदूची वाढच लहानपणापासून थोड्या निराळ्या वळणानें झालेली असते. कोणाला अक्षरांचा उलगडा होत नाहीं, कोणाचें चित्त एका जागीं ठरत नाहीं, कोणाला माणसांच्या वागण्यांतील न बोललेले संकेत उमगत नाहींत. अशा मुलांसाठीं साध्या शाळेंतील साध्या शिक्षकाला काय करतां येईल, याचा विचार आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सारें विवेचन त्यावर उभें आहे. मुलानें धडा वाचून दाखविला नाहीं, तर दोन शक्यता संभवतात. एक तर तें वाचीत नाहीं. किंवा त्याला वाचतां येत नाहीं. आपल्या भाषेनें या दोन गोष्टींना दोन निराळीं रूपें दिलीं आहेत. वर्गांत मात्र आपण त्यांची सरमिसळ करतों आणि बहुधा पहिलीच गोष्ट खरी मानून चालतों. पहिलीवर उपाय शिस्तीचा, दुसरीवर उपाय शिकविण्याचा. जें येत नाहीं त्याबद्दल शिक्षा केल्यानें तें येऊं लागत नाहीं. मूल मात्र आपलें न येणें लपवावयास शिकतें. वाचनाची पाळी जवळ येऊं लागली, कीं एखादा मुलगा खडू आणावयास जाण्याची परवानगी मागतो. दुसरा शेजाऱ्याकडून ऐकून धडा तोंडपाठ करतो आणि पुस्तकावर नजर ठेवून तो म्हणून दाखवितो. तिसरा मुद्दाम कांहीं थट्टा करून वर्गाबाहेर उभें राहणें पत्करतो, कारण चारचौघांत 'ढ' ठरण्यापेक्षां व्रात्य ठरणें त्याला कमी अपमानाचें वाटतें. अशीं चार-पांच वर्षें गेलीं, म्हणजे मूळ अडचण लहान असूनही तिच्याभोंवतीं भीति, खोटेपणा आणि स्वतःविषयींचा तिटकारा यांचें जें कवच तयार होतें, तें फोडणें मग कोणालाच सोपें राहात नाहीं. कित्येकांची शाळा येथेंच सुटते.

हा भेद डोळस शिक्षकाला किती लवकर दिसूं शकतो, याचें एक जुनें उदाहरण आहे. सन १८९६ मध्यें डॉ. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळांत कोणाला हार जाणारा नव्हता. त्याची दृष्टि निर्दोष होती. तीन आंकडी संख्यांचा गुणाकार तो झटपट आणि बिनचूक करी. परंतु सात वर्षांचा असल्यापासून सतत शिकवूनही त्याला लहानसहान शब्दांपलीकडे वाचतां येईना. स्वतःचें नांव लिहितांनाही तो अक्षरांची अदलाबदल करी. डॉक्टरांनीं या स्थितीस जन्मजात शब्दांधत्व असें म्हटलें. हल्लीं आपण तिला डिस्लेक्सिया म्हणतों. परंतु त्या लेखांतील मला विशेष महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. त्या मुलाच्या शिक्षकांचें मत असें होतें कीं, सर्व शिक्षण तोंडी असतें तर हाच मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता. डॉक्टरांनीं रोगाला नांव दिलें, पण वाचन म्हणजेच बुद्धि नव्हे ही गोष्ट त्या शिक्षकाला आधींच समजली होती.

देवनागरी लिपि उच्चाराप्रमाणें चालते, तेव्हां इंग्रजी स्पेलिंगांचा हा घोटाळा आपल्याकडे नसावा, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाहीं. 'कि' हें अक्षर लिहितांना वेलांटी आधीं आणि क नंतर. उच्चारांत मात्र क आधीं आणि इकार मागून. काना उजवीकडे, उकार पायाशीं, मात्रा डोक्यावर. 'सूर्य' या शब्दांतील र हा य च्या आधीं उच्चारावयाचा, पण लिहितांना य च्या माथ्यावर ठेवावयाचा. त्यांतच भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांच्यासारख्या दिसण्यांत एकमेकांशीं नातें सांगणाऱ्या जोड्या. बहुतेक मुलें हें सारें नकळत आत्मसात करतात. ज्याला तें नकळत जमत नाहीं, त्याला तें कळेल अशा रीतीनें, एकेक पायरी करून शिकविलें पाहिजे.

तें कसें? प्रथम कानांचें काम. 'कमळ' म्हणतांना तीन टाळ्या, 'कमळावर' म्हणतांना पांच. शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हें मुलाला आधीं ऐकूं आलें पाहिजे. मग बोटांचें काम. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर बोटानें धुळाक्षरें गिरवीत असत. पंतोजींची छडी आपण सोडली हें फार चांगलें झालें. पण त्यांची धूळपाटी सोडण्याचें कांहींच कारण नव्हतें. अक्षर डोळ्यांनीं पाहावें, तोंडानें म्हणावें आणि त्याच वेळीं बोटानें रेतींत काढावें, म्हणजे तीन वाटांनीं तें मनांत शिरतें. दिसण्यांत सारखीं असलेलीं दोन अक्षरें एकाच आठवड्यांत शिकवूं नयेत. एक वेलांटी पक्की झाल्यावांचून दुसरीला हात घालूं नये. अशा मुलाला अचानक उभें करून वाचावयास सांगूं नये. उद्यां कोणत्या चार ओळी वाचावयाच्या तें आदल्या दिवशीं एकट्यास सांगून ठेवावें. इतिहास किंवा विज्ञान त्याला येतें कीं नाहीं हें तोंडी विचारून पाहावें, आणि विज्ञानाच्या उत्तराला विज्ञानाचे गुण द्यावेत. ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब मराठीच्या तासासाठीं राखून ठेवावा.

दुसरें मूल तें, ज्याला आपण चंचल म्हणतों. सर्वच मुलें चंचल असतात; परंतु येथें मी जिच्याविषयीं बोलत आहें ती चंचलता घरीं, शाळेंत, खेळांत सर्वत्र आणि वर्षानुवर्षें दिसते, आणि मुलाची इच्छा असूनही ती त्याच्या हातीं राहात नाहीं. अशा मुलाला शेवटच्या बांकावर पाठविणें म्हणजे त्याच्या आणि शिक्षकाच्या मध्यें लक्ष वेधून घेणाऱ्या चाळीस पाठी उभ्या करणें होय. त्याची जागा पुढें, शिक्षकाच्या हाताशीं आणि खिडकीपासून दूर असावी. त्याला एका वेळीं एकच सूचना द्यावी. दहा गणितें एकदम देण्याऐवजीं पांच द्यावींत, तीं पाहावींत, आणि मग पुढचीं पांच द्यावींत. वह्या वांटणें, फळा पुसणें, पलीकडच्या वर्गांत निरोप पोंचविणें अशीं कामें त्याच्याकडे सोंपवावींत, म्हणजे हालचालीची त्याची गरज चोरून भागवावी लागत नाहीं. मधली सुटी बंद करण्याची शिक्षा तर त्याला कधींच करूं नये, कारण त्या सुटीची सर्वांत अधिक निकड त्यालाच असते. याच जातीचें दुसरें एक मूल, आणि त्यांत पुष्कळदां मुली असतात, अगदीं निमूट बसून असतें. पण चित्त कोठल्या कोठें गेलेलें असतें. तें कोणाला त्रास देत नाहीं, म्हणून त्याच्याकडे कोणाचें लक्षही जात नाहीं.

तिसरें मूल स्वमग्न. सन १९४३ मध्यें अमेरिकेंतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर कित्येक वर्षें, आईच्या कोरड्या वागणुकीमुळें मूल असें होतें, ही समजूत पाश्चात्त्य डॉक्टरांतही रूढ होती. ती निखालस चुकीची होती हें आतां सिद्ध झालें आहे; तरीही आपल्याकडे अशा मुलाच्या आईला शेजारीपाजारीं आणि क्वचित् शाळेंतही जो जाब द्यावा लागतो, तो अजून संपलेला नाहीं. या मुलाला घंटेचा आवाज, डब्याच्या वेळचा गलका किंवा गणवेशाच्या कापडाचा स्पर्श आपल्या कल्पनेपलीकडे असह्य होऊं शकतो. ठरलेल्या क्रमांत अकस्मात् बदल झाला, कीं त्याच्या पायांखालची जमीन सरकते. बोललेल्या शब्दाचा तें शब्दशः अर्थ घेतें; 'आकाश कोसळलें का?' असें विचारल्यास तें खिडकीबाहेर पाहील, आणि वर्ग हंसेल. म्हणून अशा मुलाशीं सरळ, थोड्या आणि नेमक्या शब्दांत बोलावें. आज कोणता तास कोणत्या तासानंतर आहे, हें सकाळींच फळ्याच्या कोपऱ्यांत लिहावें, लहान वर्ग असल्यास चित्रें काढावींत. आणि कांहीं बदल होणार असेल तर तो आधीं सांगावा. 'माझ्या डोळ्यांकडे बघ' असा आग्रह धरूं नये. कित्येकदां डोळे वळविल्यावरच त्याला नीट ऐकूं येतें. गलका असह्य झाल्यास क्षणभर जाऊन बसतां येईल असा एखादा शांत कोपरा त्याला आधींच दाखवून ठेवावा. आगगाड्या, नकाशे, ग्रहतारे असा ज्या एखाद्या विषयाचा त्याला ध्यास असतो, त्याच विषयाच्या दारानें गणित आणि भाषा आंत न्यावी.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो करणारा शिक्षक मनाचा वाईट नसतो. तो म्हणतो, "वर्गांतील दोघां-तिघांसाठीं मीं सर्व वर्गाची रीत कां बदलावी? बाकीच्या मुलांचें नुकसान नाहीं का होणार?" या प्रश्नाचें उत्तर शिक्षणाच्या इतिहासानेंच दिलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेंत इटार्ड नांवाचे तरुण डॉक्टर होते. रानांत सांपडलेल्या एका मुक्या मुलाला शिकविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. पांच वर्षें खपूनही तो मुलगा बोलावयास शिकला नाहीं. परंतु वस्तु हाताळून, आकार जुळवून शिकविण्याची जी दृष्टि इटार्ड यांना या खटपटींत लाभली, तिचा विस्तार त्यांचे शिष्य सेग्विन यांनीं केला. सेग्विन यांचे ग्रंथ पुढें मारिया मॉंटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंच्या हातीं पडले. मंदबुद्धि म्हणून बाजूला काढलेल्या मुलांच्या रोममधील संस्थेचें काम १९०० सालीं त्यांच्याकडे आलें होतें. त्यांच्या हाताखालीं शिकलेलीं कांहीं मुलें लेखन-वाचनाच्या परीक्षेस इतर मुलांबरोबर बसलीं आणि उत्तीर्ण झालीं. लोक या गोष्टीचें कौतुक करीत असतां मॉंटेसरीबाईंना वेगळाच प्रश्न पडला: या मुलांना जर इतकें साधतें, तर सुदृढ मुलें इतक्याच पायरीवर कां अडकून पडलीं आहेत? याच विचारांतून ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें. आपल्या देशांत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें. तेथें त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें महागड्या परदेशी साधनांच्या जागीं शिंपले, बिया आणि खडे आणले.

तात्पर्य, आज आपल्या घरांतील धडधाकट बाळ बालवाडींत जे मणी ओंवतें, जे ठोकळे रचतें आणि ज्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवितें, त्यांचा उगम जगानें टाकाऊ ठरविलेल्या मुलांच्या शिक्षणांत आहे. फळ्यावर दिवसाचा क्रम लिहिला, तर स्वमग्न मुलाबरोबर सर्वच वर्गाला स्थैर्य येतें. सूचना थोडक्यांत दिली, तर ती सर्वांनाच समजते. एका मुलासाठीं काढलेली पायरी सर्वांच्या उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप न्यायाचा. एकाला तोंडी परीक्षा आणि दुसऱ्याला लेखी, एकाला जादा वेळ आणि दुसऱ्याला नाहीं, हा पंक्तिप्रपंच नव्हे काय? पंक्तिप्रपंच हा शब्द आपण मोठ्या तिरस्कारानें उच्चारतों, आणि तें योग्यच आहे. पण पंगतींत दांत नसलेल्या आजोबांना मऊ भात वाढला आणि तान्ह्याच्या पानावरून मिरची काढून घेतली, तर त्याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाहीं. एकाच्या भातावर तूप आणि दुसऱ्याचा कोरडा, तेव्हां तो दोष घडतो. सर्वांनीं तृप्त होऊन उठावें हा पंगतीचा हेतु. ताटांतील पदार्थ हुबेहूब सारखे असावेत हा नव्हे. शाळेचा हेतुही तोच आहे.

शासनानेंही ही गोष्ट मान्य केली आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. म्हणजे भर वर्गांत 'ढ' म्हणून हिणविणें हा नुसता उद्धटपणा राहिलेला नाहीं. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यांत जे २१ प्रकार गणले आहेत, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे, आणि अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर उपाय योजण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. महाराष्ट्रांतील शालांत परीक्षेंत अशा विद्यार्थ्यांना, रीतसर प्रमाणपत्र असल्यास, जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात.

मात्र प्रमाणपत्र देणें हें शिक्षकाचें काम नव्हे. शिक्षकानें रोगाचें नांव उच्चारूंच नये; त्यानें नोंद ठेवावी. कोणत्या दिवशीं, कोणत्या तासाला, काय करतांना मूल अडलें, आणि कशानें पुढें सरकलें, हें चार-सहा आठवडे एका वहींत लिहावें. मग पालकांना एकांतांत बोलावून, प्रथम मुलाचे गुण सांगून, नंतर ती वही त्यांच्यापुढें ठेवावी. सर्वांआधीं मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ज्याला फळा दिसत नाहीं किंवा शब्द नीट ऐकूं येत नाहीं, त्याला मंद ठरविण्याइतका मोठा अन्याय दुसरा नाहीं. घरीं बोलली जाणारी भाषा आणि शाळेची भाषा निराळी आहे काय, मूल उपाशी तर येत नाहीं ना, हेंही पाहावें. त्यानंतर तज्ज्ञांकडे जावें. आणि तज्ज्ञाचा कागद हातीं येईपर्यंत थांबून राहूं नये. रेतींत अक्षर गिरवावयास किंवा पुढच्या बांकावर बसवावयास कोणाच्याही शिक्क्याची आवश्यकता नसते.

आतां दोन शब्द घरोघर हें भाषण ऐकणाऱ्या पालकांसाठीं. ज्यांचें मूल असें वेगळें आहे, त्यांनीं शिक्षकांपासून ही गोष्ट लपवूं नये. चार लोक काय म्हणतील या भीतीनें गमावलेलीं दोन वर्षें पुढें दहा शिकवण्या लावूनही भरून येत नाहींत. आणि ज्यांचीं मुलें सर्वसाधारण आहेत, त्यांची जबाबदारी याहून कमी नाहीं. 'त्या मुलाला आमच्या मुलाशेजारीं बसवूं नका' अशी चिठ्ठी मुख्याध्यापकांकडे जाते ती आपल्यासारख्याच सुशिक्षित घरांतून. वाढदिवसाला सर्व वर्गाला निमंत्रण आणि एकालाच नाहीं, हेंही आपल्याच घरीं घडतें. शिक्षकानें वर्षभर खपून जें मूल वर्गांत आणून बसविलें, त्याला अशी एक चिठ्ठी एका दिवसांत पुन्हां बाहेर काढते.

शिक्षकांच्या अडचणी मी विसरलों नाहीं. वर्ग मोठे आहेत, अभ्यासक्रम लांब आहे, शाळेबाहेरचीं कामें अनेक आहेत. म्हणून सर्व कांहीं एकदम करावें असें मी म्हणत नाहीं. एका सत्रांत एक मूल निवडावें, आणि त्याच्यासाठीं एकच बदल करावा. शिवाय हेंही मान्य केलें पाहिजे कीं, सर्वच अडचणी प्रेमानें आणि युक्तीनें नाहींशा होत नाहींत. कांहीं मुलें जन्मभर हळूच वाचतील, कांहींना माणसांची गर्दी कधींच मानवणार नाहीं. त्यांना इतरांसारखें करून सोडणें हें शिक्षकाचें कर्तव्य नव्हे. तीं जशीं आहेत तशींच राहून त्यांना शिकतां यावें, आणि शिकतांना मान खालीं घालावी लागूं नये, एवढी व्यवस्था मात्र त्याच्या हातीं आहे. उद्यां वर्गांत एखादें मूल उत्तर न देतां उभें राहील, तेव्हां आवाज चढविण्यापूर्वीं शिक्षकानें क्षणभर थांबून स्वतःला एवढेंच विचारावें: हें करीत नाहीं, कीं याला करतां येत नाहीं?